मिसेस म्हणजे कोण?

आजच्या गप्पांसाठी मी एक शब्द आणलाय. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या घरात तो रोज येतो-जातो. शब्द आहे ‘मिसेस’.

बँकेत कोणी म्हणतं, “मिसेसची सही लागेल.” एसटी स्टँडवर कोणी सांगतं, “मिसेस माहेरी गेलीय.” गावात म्हणतात, “सरपंचांच्या मिसेस आल्या का?” आणि आपणही काही मागे नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आपली जुनी रीत. उखाण्यात घ्यायचं तेवढंच. मग दवाखान्यात, शाळेत, तलाठ्यापुढं आपण काय म्हणतो? “माझे मिस्टर.” या इंग्रजी शब्दानं आपली सोयच केली म्हणा ना! नाव घ्यावं लागत नाही आणि समोरच्याला कळतंही.

तर हे मिस्टर, मिसेस आणि मिस आले कुठून? आधी एक घोटाळा दूर करू. ‘मिस कॉल’ आणि ‘गाडी मिस झाली’ यातला ‘मिस’ वेगळा आहे. त्याचा अर्थ चुकणं, हुकणं. तो जुना इंग्रजी शब्द आहे, आणि शाळेतल्या ‘मिस’शी त्याचं काही नातं नाही. दोघांचा आवाज एक, घराणं वेगळं.

आपल्या ‘मिसेस’चं घराणं मोठं आहे. लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत ‘मॅजिस्टर’ असा शब्द होता. अर्थ होता मोठा, वरचा, जाणकार माणूस. तो फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि ‘मास्टर’ झाला. म्हणजे आपले मास्तर! मास्टरचा उच्चार सैल होत गेला आणि ‘मिस्टर’ झाला. तोच मॅजिस्टर पोर्तुगीज भाषेत ‘मेस्त्रे’ झाला, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि गोव्यात ‘मेस्त’, आपल्याकडे ‘मिस्त्री’ झाला. म्हणजे शाळेतला मास्तर, भिंत बांधणारा मिस्त्री आणि आपल्या घरातले ‘मिस्टर’ हे सगळे एकाच घरातले भाऊ. तिघांचा मूळ अर्थ एकच: ज्याच्या हातात काम आहे, ज्याला कसब येतं, जो चार जणांवर हुकूम चालवतो.

आता या भावांची बहीण बघा. मास्टरचं बाईरूप ‘मिस्ट्रेस’. हेडमिस्ट्रेस म्हणतो ना आपण, तीच. इंग्रज लोक ‘मिस्ट्रेस’ लिहिताना थोडक्यात दोन-तीन अक्षरं लिहायचे, आणि बोलताना त्याचं ‘मिसेस’ झालं. म्हणजे मिसेस या शब्दाचा मूळ अर्थ ‘कोणाची तरी बायको’ असा नव्हताच. मूळ अर्थ होता ‘मालकीणबाई’.

हे मी मनचं सांगत नाही. १७५५ साली लंडनमध्ये सॅम्युअल जॉन्सन नावाच्या विद्वानानं इंग्रजीचा मोठा शब्दकोश छापला. त्यात ‘मिस्ट्रेस’चे अर्थ ओळीनं दिलेत. पहिला अर्थ, हुकूम चालवणारी बाई. दुसरा, एखाद्या कामात तरबेज असलेली बाई. तिसरा, शिकवणारी बाई. पुढं प्रेयसी, आणि शेवटी रखेल असाही वाईट अर्थ आहे. पण एवढ्या अर्थांत ‘लग्न झालेली बाई’ हा अर्थ नाहीच.

केंब्रिज विद्यापीठातल्या इतिहासकार एमी एरिकसन यांनी या शब्दाचा माग काढला. २०१४ साली त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या गावांच्या याद्या, धंद्याच्या वह्या, कर भरल्याच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यात दिसलं असं, की अठराव्या शतकात ‘मिसेस’ हा मान सगळ्या बायकांना मिळत नव्हता. लग्न झालं म्हणून तर मुळीच मिळत नव्हता. ज्या बाईच्या हाताखाली नोकर आहेत, जिच्याकडे मुली काम शिकायला राहतात, जी दुकान चालवते, शेती करते, खानावळ किंवा सराय चालवते, तिला गाव ‘मिसेस’ म्हणायचं. ती लग्नाची असेल, बिनलग्नाची असेल, विधवा असेल. तो प्रश्नच नव्हता. आणि मजुरी करणाऱ्या बाईचं लग्न झालेलं असलं तरी तिला मिसेस कोणी म्हणत नव्हतं. तिला नुसत्या नावानं हाक.

थोडक्यात, हा शब्द बाईचं काम आणि तिची पत सांगत होता, मंगळसूत्र सांगत नव्हता. आपल्याकडे ‘पाटलीणबाई’ किंवा ‘मास्तरीणबाई’ म्हणताना दोन अर्थ निघतात बघा. एक, पाटलाची बायको, मास्तरची बायको. दुसरा, जी स्वतः शिकवते ती मास्तरीण. इंग्रजीत ‘मिसेस’ हा दुसऱ्या जातीचा शब्द होता. पुढं तो पहिल्या जातीत ढकलला गेला.

कसा ढकलला गेला? अठराव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडमधल्या बड्या घरांत एक नवी चाल पडली. ‘मिस’ हा शब्द तोवर लहान मुलींसाठी होता. आता मोठ्या झालेल्या, पण लग्न न झालेल्या मुलींनाही ‘मिस’ म्हणायला सुरुवात झाली. मग उरलेल्या त्या ‘मिसेस’. असं करत करत लग्न हीच खूण होऊन बसली. बड्या घरची चाल मग दुकानदारांच्या घरी, आणि शेवटी सगळीकडे गेली. पुरुषाचं काय झालं? काहीच नाही. तो लग्नाआधी मिस्टर आणि लग्नानंतरही मिस्टर.

याच्याच पुढची पायरी म्हणजे बाईचं स्वतःचं नावही पुसायचं. नवरा जॉन, तर बाई ‘मिसेस जॉन’. ही तऱ्हा साधारण १८०० सालाच्या आसपास इंग्लंडमध्ये रुळली.

यामागं कायदाही उभा होता. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न झालं की नवरा-बायको मिळून एकच माणूस धरला जाई, आणि तो माणूस म्हणजे नवरा. बाईला वेगळा करार करता येत नव्हता. तिनं कमावलेली मजुरी नवऱ्याची. माहेरहून आलेला पैसाअडका नवऱ्याचा. म्हणून तर धंदा करणाऱ्या पुष्कळ बायका विधवा किंवा बिनलग्नाच्या असायच्या. १८७० साली कायदा झाला आणि लग्न झालेल्या बाईची कमाई तिची स्वतःची ठरली. १८८२ साली दुसरा कायदा आला आणि मालमत्ताही तिच्या नावावर राहू लागली. तोवर मालकीणबाईच्या या शब्दात मालकी काही उरली नव्हती.

आपल्या मुलखात हे शब्द साहेबांबरोबर आणि मिशनरींबरोबर आले. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आल्या. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून त्या ‘मिस’ फरार. पुढं अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी त्यांच्या शाळा बघितल्या आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे शिकवण्याचे धडे घेतले, असा इतिहास आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, त्यामागं असा एक धागा होता. आज अंगणवाडीपासून इंग्रजी शाळेपर्यंत लेकरं बाईंना ‘मिस’ म्हणतात, मग बाईंना दोन नातवंडं का असेनात. म्हणजे आपल्या पोरांनी नकळत तो जुना अर्थ जिवंत ठेवलाय: शिकवणारी ती मिस.

आता तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? मिसेस म्हटलं काय, नाव घेतलं काय, पोळी तर तीच लाटायची. म्हणून आता दोन गोष्टी सांगते.

पहिली अमेरिकेतली. लुसी स्टोन नावाची एक बाई होती. त्या काळात कॉलेज शिकलेली, गुलामगिरीच्या विरोधात आणि बायकांच्या हक्कांसाठी गावोगाव भाषणं करणारी. १८५५ साली तिनं हेन्री ब्लॅकवेल यांच्याशी लग्न केलं, पण आपलं नाव बदललं नाही. नवऱ्याची त्याला संमती होती. पुढं १८७९ साली त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बायकांना शाळा समितीच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला. लुसीनं नाव नोंदवलं. अधिकारी म्हणाले, नवऱ्याचं आडनाव लावा. ती म्हणाली, लावणार नाही. तिचं नाव यादीतून काढून टाकलं. जन्मभर ज्या मतासाठी ती भांडली, ते मत हाताशी आलं आणि नावासाठी गेलं.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली, आणि ती फार मोठी आहे. स्वातंत्र्यानंतर पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. सगळ्या प्रौढ बायकांना एकदमच मताचा हक्क मिळाला. त्याआधी इंग्रजांच्या राज्यात फार थोड्या बायकांना मत होतं, आणि १९३५ च्या कायद्यात तर मालमत्ता असलेल्या माणसाची बायको किंवा विधवा म्हणून पुष्कळ जणींना मत मिळायचं. आता नवरा कोण, जमीन किती, हे बघायचं नव्हतं. बाई म्हणून, माणूस म्हणून मत.

मतदारयादी करणारे दारोदार गेले. नाव विचारलं. आणि लाखो घरांतून उत्तर आलं, “लिहा, अमक्याची आई.” “लिहा, तमक्याची बायको.” परक्या माणसाला आपलं नाव सांगायचं नाही, अशी त्या भागांतली रीत. लिहिणाऱ्यांनी तसंच लिहून घेतलं. याद्या वर गेल्या तेव्हा निवडणूक आयोगानं त्या बघितल्या. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. आयोगाचं म्हणणं असं, की स्वतःचं नाव ही मतदाराच्या ओळखीची पहिली गोष्ट आहे. ‘अमक्याची आई’ हे नाव नाही. नाव सांगा, म्हणजे यादीत ठेवतो.

पुष्कळ जणींनी सांगितलं. पण सुमारे २८ लाख बायकांची नावं मिळाली नाहीत, आणि त्यांच्या नोंदी यादीतून काढाव्या लागल्या. देशात तेव्हा बाई मतदार होत्या जवळजवळ आठ कोटी. म्हणजे दर शंभरांत साडेतीन जणी. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतल्या.

मैत्रिणींनो, या २८ लाख बायकांना मत कोणी नाकारलं नव्हतं. कायदा त्यांच्या बाजूनं होता. पण कागदावर त्या दुसऱ्याच्या नावानं उभ्या होत्या, म्हणून कागदानं त्यांना ओळखलं नाही. नावात काय आहे, याचं उत्तर हे आहे. सेन यांनी त्या नोंदी काढल्या हे कठोर वाटतं खरं. पण दुसऱ्या बाजूनं बघा. सरकार पहिल्यांदाच त्या बाईला म्हणत होतं, तुझ्या नवऱ्याचं नको, तुझं नाव सांग.

आता आपल्या मराठीकडे येऊ, कारण मिसेस एकटी नाही. आपल्याकडे तर बाईसाठी चार पाट मांडलेत. लग्नाआधी कु., म्हणजे कुमारी. लग्न झालं की सौ., म्हणजे सौभाग्यवती. नवरा गेला की गं. भा., म्हणजे गंगा भागीरथी, किंवा मग श्रीमती. खरं तर श्रीमती हा नुसता मानाचा शब्द, कोणत्याही बाईला लावावा. पण आपल्याकडे पत्रिकेत ‘श्रीमती’ दिसलं की लोक लगेच समजतात, नवरा नाही. आणि पुरुषासाठी? एकच पाट. श्री. बिनलग्नाचा श्री., लग्नाचा श्री., बायको गेलेलाही श्री.

सौ. लिहायला आपल्याला आवडतं. मलाही त्यात काही वावगं वाटत नाही. पण ज्या दिवशी ते पुसावं लागतं, त्या दिवशी बाईच्या दुःखावर कागदही शिक्का मारतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद. राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. अंगावरच्या खुणांबद्दल गाव बोलू लागलं. नावापुढच्या खुणेबद्दलही बोलायला हवं.

इंग्रजीत त्यावर एक तोड निघाली, आणि मला ती सांगायला विशेष आनंद होतो, कारण ती रेडिओवरून पसरली. १९०१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या एका वर्तमानपत्रानं सुचवलं होतं, की बाईचं लग्न झालंय का हे माहीत नसेल तर मिस आणि मिसेस यांच्यामधला एक शब्द वापरावा, ‘मिझ’. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. साठ वर्षं गेली. १९६१ च्या सुमाराला शीला मायकल्स नावाच्या तरुणीनं खोलीतल्या मैत्रिणीला आलेल्या टपालावर तो शब्द बघितला. तिला आधी वाटलं छपाईची चूक असेल. पण तिच्या मनात तो बसला. तिचं म्हणणं सोपं होतं: मी बापाच्या नावानं ओळखली जाणार नाही आणि नवऱ्याच्याही नाही, असा शब्द मला हवाय. कित्येक वर्षं तिनं तो लोकांना सांगितला, कोणी ऐकेना. मग १९६९ च्या आसपास न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावर गप्पांच्या कार्यक्रमात ती त्याबद्दल बोलली. ते बोलणं कानोकानी पोचलं, आणि १९७१ च्या शेवटी बायकांचं एक नवं मासिक निघालं ते याच नावानं, ‘मिझ’. १९८६ साली न्यूयॉर्क टाइम्स या मोठ्या वर्तमानपत्रानंही तो शब्द स्वीकारला. एका बाईनं रेडिओवर केलेल्या बोलण्याची ही ताकद.

दुसऱ्या देशांतही असंच झालं. जर्मनीत बिनलग्नाच्या बाईसाठी वेगळा शब्द होता, तो १९७२ साली सरकारी कामातून गेला. फ्रान्समध्ये २०१२ साली गेला. कॅनडातल्या क्युबेक प्रांतानं तर १९८१ पासून कायदाच केला, की लग्नानंतरही बाईचं जन्माचं नावच कागदावर चालेल.

आपल्याकडे काय आहे? लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलायलाच हवं, असा आपल्या देशात कोणताही कायदा नाही. ती रीत आहे. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही आपली हौसेची रीत. हौस जरूर करा. पण कागदाचं काय होतं ते बघा. समजा, शाळेच्या दाखल्यावर नाव सुनंदा आणि माहेरचं आडनाव. रेशनकार्डावर वैशाली आणि सासरचं आडनाव. आधारवर तिसरंच. मग वडील वारल्यावर वारस नोंद करायची वेळ येते. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली साऱ्या देशानं हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. हक्क सुनंदाला आहे, आणि दारात उभी आहे वैशाली. दोघी एकच, हे आता तिला सिद्ध करावं लागतं. प्रतिज्ञापत्र करा, गॅझेटला नावबदल द्या, खेटे घाला. कोणाला तिचा हिस्सा द्यायचा नसेल तर हा घोटाळा त्याला बराच पडतो.

चांगल्या गोष्टीही घडल्यात. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला हजारो शेतकरी बायका जमल्या होत्या. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगाव नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. सातबाऱ्यावर ‘मिसेस’ चालत नाही, तिथं बाईचं स्वतःचं नाव लागतं. आणि मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ज्या आईला जन्मभर ‘अमक्याची आई’ म्हटलं, तिचं नाव आता लेकराच्या नावात आलं.

मी काही उद्यापासून मिसेस म्हणू नका, सौ. लावू नका असं सांगत नाही. प्रेमानं म्हटलेलं गोडच लागतं. पण बोलण्यातलं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं. म्हणून पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्या जणींनी एक काम करावं. प्रत्येकीनं शाळेचा दाखला असेल तर तो, आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड आणि मतदान कार्ड सोबत आणावं. पाचही ठिकाणी नाव एकच आहे का, हे एकमेकींचं वाचून बघावं. वाचता न येणाऱ्या बहिणीचं शेजारणीनं वाचावं. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्यावा, घरात वाटणी निघायच्या आधी. आणि हजेरीच्या वहीत ‘पाटील मावशी’, ‘शिंदेंची सून’ असं लिहिलं असेल, तर त्यापुढं त्या बाईचं स्वतःचं नाव लिहावं. हजेरी घेताना तेच मोठ्यानं वाचावं.

अडीचशे वर्षांपूर्वी मिसेस म्हणजे दुकान चालवणारी, शेत करणारी, चार जणींना काम शिकवणारी बाई. बचत गटात बसलेल्या तुम्ही सगळ्या जणी ते रोज करताय. त्या जुन्या अर्थानं तुम्ही खऱ्या मिसेस आहात, आणि त्यासाठी कोणाचं नाव पुढं जोडायची गरज नाही.